खत घालू नकोस

आधी ती पोती परत ने, कॅलम.
लीड्सहून इथवर, दोन बोटी बदलून,
मेंढ्यांची लेंडी आणि कुजलेला पाला
तू पोत्यांतून आणलास,
पण आर्बीला त्यातलं काहीही नको असतं.
पोसलीस की माजते ती.
नुसती पानं, उंच, लोळणारी,
आणि जूनमध्ये मोजून चार फुलं.

बाहेर ये. टोपी धर.
ते बघ, कड्याच्या अगदी ओठावर,
जिथे माती बसायलासुद्धा कचरते
तिथे उशी टाकून बसली आहे.
केसासारखी पानं, वर गुलाबी बटणं,
खारं पाणी रोज तोंडावर,
पफिन येता-जाता तुडवतात.
आणि मूळ?
मूळ हातभर आत, खडकाच्या चिरेत,
नांगराच्या दोरासारखं चिवट.

मुळाचं मला विचार.

मी सात वर्षांची, मॅन्सी अकराचा.
त्या हिवाळ्यात त्याचा खोकला
भिंतीपलीकडून मोजता यायचा.
आई सुरी देऊन मला कड्यावर धाडायची:
पोटावर झोप, खाली बघू नकोस,
एका ठिकाणची दोनच काढ.
मग मुळांच्या पातळ चकत्या
गोड्या दुधात, मंद आचेवर,
दिवे लागल्यापासून झोपेपर्यंत.
दूध उतू जाऊ द्यायचं नाही,
एवढंच माझं काम.
दूध हळूहळू चहासारखं व्हायचं.
मॅन्सी नाक दाबून प्यायचा, म्हणायचा,
'थोरा, बंदर गाळून दिलंय मला.'

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी
खिडकीबाहेर कुणाची तरी बोट दिसली,
मी बघत राहिले,
आणि दूध गेलं.
चूल फसफसली, घरभर करपट वास.
आई गोठ्यात होती.
मी भांड्यात पाणी ओतलं, ढवळलं,
आणि कुणाला सांगितलं नाही.

तो मार्चमध्ये गेला.

पुढे कितीतरी वर्षांनी,
माझीच मुलं शाळेत जायला लागल्यावर,
डिस्ट्रिक्ट नर्स मिसेस रेंडल चहाला आली.
तिला मी हे सांगितलं, एकटीला.
ती म्हणाली, अगं, त्या मुळाने
क्षय कधी बरा होत नसतो.
पाणी घाल नाहीतर साय घाल.
हलकं वाटायला हवं होतं मला.
पण मला आठवत राहिला
आईचा चकत्या करणारा हात,
एकसारख्या, नाण्याहून पातळ,
एकही जाड नाही.

नाण्यावरून आठवलं.
तेव्हा तीन पेन्सचं पितळी नाणं असायचं,
बारा कोनांचं,
एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला हीच.
इंग्रजीत हिला म्हणतात थ्रिफ्ट, काटकसर.
सरकारला विनोद बरा जमला होता.
गाईमागे कोण जाणार, ते आम्ही उडवून ठरवायचो.
मॅन्सी दर वेळी 'फूल!' म्हणायचा
आणि दर वेळी हरायचा.
मी म्हणायचे, एकदा तरी राजा माग.

असो. तुझ्या वाटेचं बघू.
दोन्ही कडांना वाळू आणि बारीक खडी टाक,
पाणी साचता कामा नये.
सप्टेंबरात माझ्याकडचा जुना गड्डा घेऊन जा,
हातानेच फाड, भाकरी मोडतात तसा,
प्रत्येक तुकड्याला थोडं मूळ राहू दे,
वीतभर अंतर ठेव.
आधी केविलवाणी दिसेल. दिसू दे.
फुलं विटली की मेंढ्यांच्या कात्रीने
सरळ भादरून टाक, दया नको.
थोडी चांगली असतानाच खुडून
छपराला उलटी टांग,
सुकल्यावरही रंग बराचसा टिकतो.
चर्चमागे तिसऱ्या रांगेत
मी लावलेली आहे, जाऊन बघ,
नावाची पाटी तिने झाकून टाकली आहे,
मी मुद्दामच कापत नाही.

आणि पोती परत न्यायची नसतील
तर बटाट्यांना घाल.
बटाटे काहीही खातात.